डबल आयपीए, उसाचा रस आणि ब्रिक्स हायड्रोमीटर

(आमच्याकडून हायड्रोमीटर, म्हणजे द्रवातली साखर मोजायची तरंगती काचेची नळी, किंवा रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे प्रकाश किती वाकतो त्यावरून तेच मोजणारं यंत्र, नेणाऱ्या ग्राहकांसाठी)

ब्रिक्स हायड्रोमीटर आमच्याकडून आजवर नेत आले ते साखर कारखान्यातले केमिस्ट, गुऱ्हाळवाले आणि बीएस्सीची पोरं. आता त्यांत नवे ग्राहक मिसळलेत. कुणाचा भाचा इंग्लंडला निघालेला असतो, कुणाचा मुलगा पुण्याच्या मायक्रोब्रुअरीत कामाला लागलेला असतो. विचारणा एकच: "डबल आयपीए करताना ही काचेची नळी वापरायची कशी?" (डबल आयपीए म्हणजे 'इंडिया पेल एल' या कडवट बिअरचा जास्त कडक प्रकार.) काउंटरवर एकेकाला समजावत बसलो की मागची रांग चुळबुळ करते. म्हणून हे पत्रक.

आधी कायद्याचं बोलू. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करणं हा दारूबंदी अधिनियम, १९४९ खाली गुन्हा आहे. "पाचच लिटर, घरच्यापुरती, विकणार थोडीच" हे तिथे चालत नाही. माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), हॉप्स (कडूपणा आणि वास देणारी फुलं), यीस्ट (साखरेचं अल्कोहोल करणारं खमीर) आम्ही ठेवत नाही आणि कुठे मिळतं तेही सांगत नाही. ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरच्या बिअरला परवाना लागत नाही. अमेरिकेत केंद्र सरकारने १९७८ च्या कायद्याने मोकळीक दिली, पण शेवटच्या दोन राज्यांनी ती द्यायला २०१३ उजाडलं. तेव्हा बिअरचं जे पुढे लिहिलंय ते तिकडे जाऊन, नाहीतर परवाना असलेल्या जागी करायचं. सोलापुरात सराव करायचा तो उसाच्या रसावर.

आणि रस सरावाला उत्तम. डबल आयपीएसाठी माल्टचा जो गोड काढा करतात, त्याला वर्ट म्हणतात. तो साधारण १८ ब्रिक्सचा असतो, म्हणजे १०० ग्रॅम काढ्यात सुमारे १८ ग्रॅम साखर. रसवंतीतला ताजा रसही १६ ते २० च्या दरम्यान भरतो. आलं-लिंबू न घातलेला ग्लासभर रस आणा, फडक्यातून गाळा, फेस बसू द्या आणि उंच नळकांड्यात ओता. हायड्रोमीटर हलकेच सोडून बोटांनी एक गिरकी द्या. काचेला बुडबुडे चिकटले तर ते नळीला वर उचलतात आणि आकडा जास्त दिसतो. डोळा पातळीवर आणून वाचा. कडेला रस काचेवर चढलेला दिसेल, तो धरू नका.

आता तापमान, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. नळीच्या आतल्या कागदावर २०° किंवा २७.५° सेल्सिअस छापलेलं असतं. आपल्याकडच्या साखर कारखान्यांत २७.५ चं माप रुळलेलं आहे; भाच्यासोबत पाठवायची असेल तर २० चीच मागा. २० ची नळी ३०° च्या रसात टाकली तर आकडा सुमारे ०.७ ने कमी दिसतो, तेवढा मिळवून घ्यायचा. उकळत्या काढ्यात नळी घालू नका. आकडा तर चुकेलच, काचही तडकेल.

१८ ब्रिक्स म्हणजे विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या तुलनेत द्रव किती पट जड) सुमारे १.०७५. यीस्टने साखर खाऊन ते १.०१४ वर आलं की दोन्हींतला फरक ०.०६१. त्याला १३१ ने गुणलं की आकारमानाने ८ टक्के अल्कोहोल. साधी बिअर ५ च्या आसपास असते, हे ध्यानात असू द्या. इथे रिफ्रॅक्टोमीटरवाले हमखास फसतात. अल्कोहोलमुळे प्रकाश जास्त वाकतो, म्हणून आंबवणं पूर्ण झालेल्या याच बिअरला ते यंत्र ९ च्या आसपास दाखवतं आणि माणूस म्हणतो, यीस्ट मेलं. यीस्ट मेलेलं नसतं. आंबवण्याआधी रिफ्रॅक्टोमीटर, नंतर हायड्रोमीटर. दोन्ही घ्या असं आम्ही गल्ल्यासाठी म्हणत नाही. एकच घ्यायचं तर हायड्रोमीटर घ्या, स्वस्तही तेच आहे.

हॉप्स ही भांगेच्याच कुळातली वेल, पण तिला भांगेची नशा नाही. तिच्या फुलांतली अल्फा आम्लं उकळताना बदलतात तेव्हा कडूपणा उतरतो, म्हणून कडूपणाचे हॉप्स तासभर उकळायचे. वासाची तेलं मात्र तेवढ्यात वाफेबरोबर उडून जातात. म्हणून वासाचे हॉप्स गॅस बंद करताना, आणि आंबवणं ओसरल्यावर थंड बिअरमध्ये पुन्हा एकदा. फोडणीतला कढीपत्ता आणि वरून पेरलेली कोथिंबीर, तसंच हे. काढा जितका घट्ट तितका कडूपणा कमी उतरतो: २० लिटरला १२ टक्के अल्फाचे ६० ग्रॅम हॉप्स तासभर उकळले, तर १२ ब्रिक्सच्या काढ्यात हिशेबाने ८० च्या वर कडूपणा (आयबीयू या बिअरच्या कडूपणाच्या मापात) येतो, १८ च्या काढ्यात ६५ च्या आसपास. तिकडे घरात कुत्रं असेल तर हॉप्सचा चोथा त्याच्या तोंडी लागू देऊ नका, विषारी ठरतो.

एका ग्राहकाने विचारलं, इंग्लंडमधल्या बर्टनचं पाणी जड म्हणून तिथली आयपीए नावाजली, मग आमच्या बोअरचं काय वाईट? जडपणा-जडपणात फरक आहे, मालक. बर्टनच्या पाण्यात जिप्समचं सल्फेट भरपूर, त्याने हॉप्सचा कडूपणा खुलतो. ज्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, किटलीत पांढरा थर बसतो, त्यात बायकार्बोनेट जास्त. त्याने कडूपणा जिभेला खरखरीत लागतो.

यीस्टला १८ ते २० अंश मानवतात, आणि आंबताना भांडं आतूनही तापतं. गरम झालं की बिअरला स्पिरिटसारखा झणका येतो. तिकडच्या उन्हाळ्यातही हे होतं. उपाय आपल्या गावचाच: भांडं पाण्याच्या परातीत ठेवून त्याला ओला टर्किश टॉवेल गुंडाळायचा आणि समोर पंखा. हवा कोरडी असेल तर तापमान चांगलं उतरतं. भाच्याच्या बॅगेत सोलापुरी टॉवेल असेलच. नळी त्यातच गुंडाळून पाठवा.

बाटल्या भरायची घाई नको. दोन-तीन दिवसांच्या अंतराने घेतलेले दोन आकडे तंतोतंत सारखे आले तरच भरा, नाहीतर उरलेली साखर बाटलीत आंबते आणि बाटली बॉम्बसारखी फुटते. हवा लागू देऊ नका आणि मुरवत ठेवू नका. हॉप्सचा वास काही आठवड्यांतच उतरतो.

नळी दुकानातून नेण्याआधी आमच्यासमोर डिस्टिल्ड वॉटरमध्ये टाकून बघा. छापलेल्या तापमानाला शून्य दाखवलं नाही तर लगेच दुसरी देऊ. घरी नेल्यावर फुटली तर बदलून मिळणार नाही.