पातळ पेज आणि घट्ट घास

आठ महिन्यांच्या बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम वाटीभर अन्न मावतं. कर्नाटकाच्या सीमाभागात, निपाणीत विड्या वळणारी किंवा अथणी-चिकोडीकडे ऊसतोडीला पहाटेच फडावर जाणारी आई त्या वाटीत ज्वारीची पातळ पेज नाहीतर वरणावरचं पाणी ठेवून जाते. बाळाचं पोट भरतं, पण वाटीत बहुतेक पाणीच असतं. या वयात आईच्या दुधाखेरीज दिवसाला सुमारे २०० कॅलरी लागतात, वर्षानंतर ५५०. त्या मिळाल्या नाहीत की उंची खुंटते. मेंदूचीही भराभर वाढ होते ती याच पहिल्या दोन वर्षांत.

यात आईला दोष देऊ नये. विडीची मजुरी हजारावर मिळते, तिथे भरवायला अर्धा तास बसणं म्हणजे पैसे बुडणं. शिवाय पेज दाट केली की तिचा गोळा होतो आणि बाळ तो जिभेने बाहेर ढकलतं.

यावर घरचाच उपाय आहे, मोडाची नाचणी. नाचणी रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून एक-दोन दिवस मोड आणायचे, वाळवून दळायची. मोड येताना धान्यात पिष्ट तोडणारं विकर (एन्झाइम) तयार होतं. दाट लापशी चुलीवरून उतरवून किंचित निवली की एक छोटा चमचा हे पीठ ढवळायचं. काही मिनिटांत लापशी पाणी न घालता सैल होते. मग एक उकळी द्यायची, कारण मोडाच्या पिठात जंतू असू शकतात. पीठ आधीच खरपूस भाजलं तर विकर मरतं आणि लापशी घट्टच राहते. वर छोटा चमचाभर तेल घातलं की ४५ कॅलरी वाढतात.

पण नुसत्या अन्नाने भागत नाही. जमैकातल्या किंग्स्टनमध्ये १९८६-८७ साली वाढ खुंटलेल्या १२९ मुलांवर अभ्यास सुरू झाला. काहींच्या घरी दोन वर्षं आठवड्यातून एक तास आरोग्यसेविका जाऊन बाळाशी कसं खेळावं, बोलावं हे आईला दाखवत. वीस वर्षांनी त्या मुलांची कमाई इतरांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त भरली. नुसता पोषण आहार मिळालेल्यांत असा फरक दिसला नाही.

मग बोलायचं कुठल्या भाषेत, मराठी की कन्नड? आईच्या तोंडी सहज येते तिच्यात. अंगणवाडीत कन्नड कानावर पडतंच आणि दोन भाषांनी मूल गोंधळत नाही. वेगळा तासही काढावा लागत नाही. भरवतानाच घासाचं नाव घ्यावं, बाळाच्या हुंकाराला उत्तर द्यावं. आई फडावर असेल तर हे आजीला किंवा थोरल्या बहिणीला जमतं, फक्त त्यांना कुणीतरी बसून दाखवावं लागतं.