लकव्याचा हात आणि पडद्यावरचा हात

हेडसेट डोळ्यांवर चढवला की लकवा मारलेला हात चालू लागतो, अशा जाहिराती पाहून घरच्यांना वाटतं, आता व्यायामाची कटकट संपली. खरं तर व्हीआरचं, म्हणजे हेडसेटमध्ये किंवा पडद्यावर आभासी जग दाखवणाऱ्या तंत्राचं (व्हर्च्युअल रिअॅलिटी), मुख्य काम रुग्णाकडून जास्त व्यायाम करून घेण्याचंच आहे.

पक्षाघातात मेंदूतली रक्तवाहिनी तुंबते किंवा फुटते आणि तिथल्या पेशी मरतात. त्या परत येत नाहीत; पण शेजारच्या पेशी त्यांचं काम थोडंफार उचलू शकतात. १९९६ साली संशोधक रँडॉल्फ न्यूडो आणि सहकाऱ्यांनी हे माकडांमध्ये दाखवलं. मेंदूतल्या, हात हलवणाऱ्या भागाला इजा झालेल्या माकडांकडून बारीक खळग्यांतून खाऊ काढण्याचा सराव करून घेतला, तेव्हा मेंदूतला हाताचा उरलेला भाग टिकला. काहींमध्ये तो कोपर आणि खांद्याच्या हद्दीतही पसरला. सराव न मिळालेल्या माकडांत मात्र तो आक्रसला होता.

मग माणूस सराव का टाळतो? पेला उचलायला जावं तर हात अर्ध्यावर थांबतो, पाणी सांडतं. असं वारंवार झालं की मेंदू त्या हाताला काम सांगणंच सोडतो. पुढे ताकद परतली तरी हात मांडीवर पडून राहतो. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांनी याला ‘शिकलेला अवापर’ म्हटलं.

व्हीआरची खरी करामत इथे आहे. हालचालीचा आदेश देतानाच मेंदू हात कुठे पोहोचेल याचा अंदाज बांधतो आणि डोळ्यांना दिसलेल्या जागेशी तो ताडून पाहतो. दोन्हींतला फरक म्हणजे चूक. तिच्यावरून पुढचा आदेश सुधारतो. लकव्यात ही चूक दरवेळी मोठीच येते. समजा, हात दहा सेंटिमीटर सरकला आणि पडद्यावरचा हात पंधरा सेंटिमीटर सरकलेला दिसला, तर चूक घटते, नेम साधतो. बार्सिलोनातल्या संशोधकांनी हालचाल अशी वाढवून दाखवली, तेव्हा रुग्ण दुबळा हात आपणहून जास्त वापरू लागले.

लकव्यावर पारव्याचं रक्त चोळणारे आजही आहेत. पहिल्या काही आठवड्यांत बऱ्याच रुग्णांत आपोआप थोडी सुधारणा होते, तिचं श्रेय त्या रक्ताला जातं आणि व्यायामाचे मोलाचे दिवस वाया जातात.

तंत्रज्ञानाचे दावेही असेच तपासायला हवेत. कॅनडा, अर्जेंटिना, पेरू आणि थायलंडमधल्या १४१ रुग्णांवरच्या चाचणीत निम्म्यांना व्हिडिओ गेम (व्हीआरचाच साधा प्रकार) दिले, बाकीच्यांना पत्ते, बिंगो, चेंडूचे खेळ. २०१६ साली निकाल आला: दोन्ही गट सारखेच सुधारले. २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यातही (अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणारा आढावा), हाताच्या बाबतीत, नेहमीच्या उपचाराऐवजी व्हीआर दिल्याने ठळक फायदा दिसला नाही. त्या उपचारात भर म्हणून दिल्यावर, म्हणजे एकूण सराव वाढल्यावर, तो दिसला. म्हणून हेडसेट घेण्याआधी फिजिओथेरपिस्टना विचारावं: यातून दुबळ्या हाताच्या रोजच्या हालचाली किती वाढतील?