प्रेशर कुकर : रचनेतील गुणदोष

प्रेशर कुकर म्हणजे वाफ कोंडून पाण्याचा उत्कलनबिंदू वाढवणारे आणि त्यामुळे अन्न झटपट शिजवणारे भांडे. रोजच्या वापरातल्या वस्तूची रचना चांगली की वाईट हे पारखायला भारतीय घरात याहून सोयीची वस्तू सापडणे अवघड. शेगडीवरच्या साध्या कुकरला ना वीज लागते, ना मोटर. भांडे, झाकण, रबर, शिटी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह एवढाच सगळा संसार. पण घाईत, अर्धवट लक्षाने, एका हाताने वापरणाऱ्या माणसाला हे भांडे किती सांभाळून घेते, ते या भागांच्या आकारावरच ठरते. प्रस्तुत नोंद मुख्यतः याच बाजूविषयी आहे.

तत्त्व. समुद्रसपाटीला उघड्या पातेल्यातले पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते आणि आच कितीही वाढवली तरी त्यापुढे तापत नाही. महाबळेश्वरला ते साधारण ९५-९६ अंशांवर उकळते, लेहला ८८ च्या आसपास. म्हणून उंचावर डाळ शिजता शिजत नाही. घरगुती कुकरमध्ये हवेच्या दाबावर आणखी सुमारे १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब साठतो आणि पाणी १२० अंशांच्या जवळ जाऊन उकळते. या वीस अंशांनी काय होते ते तूरडाळ उघड्यावर शिजवून पाहिलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही.

पूर्वपीठिका. फ्रेंच शास्त्रज्ञ दनी पापँ याने १६७९ मध्ये लंडनमध्ये ‘डायजेस्टर’ नावाचे बंद भांडे तयार केले. हाडे मऊ करून त्यांतला कस काढावा, हा त्याचा हेतू. १६८२ मध्ये रॉयल सोसायटी या लंडनच्या विज्ञानसंस्थेच्या सभासदांना या भांड्यात शिजवलेले जेवण देण्यात आले आणि हाडे चीजसारखी मऊ झाल्याची नोंद इंग्रज लेखक जॉन एव्हलिन याने आपल्या रोजनिशीत केली. पापँचे खरे श्रेय मात्र दुसरीकडे आहे. भांडे फुटू नये म्हणून त्याने तरफेला वजन लावून दाबाबरोबर उचलली जाणारी झडप बसवली. आजच्या शिटीची ती पूर्वज. वस्तू धोकादायक आहे हे ओळखून तिच्यातच उपाय बसवायचा, ही दृष्टी कुकरला जन्मापासून लाभली. पुढच्या सगळ्याच उत्पादकांनी ती सारखी जपली असे म्हणता येत नाही.

भारतात १९१० च्या सुमारास बंगालमध्ये इंदुमाधव मल्लिक यांचा ‘इकमिक कुकर’ आला. कोळशाच्या आचेवर एकावर एक ठेवलेले डबे वाफेवर शिजत. त्यात दाब नव्हता, पण वरण, भात आणि भाजी एकाच उतरंडीत शिजवण्याची कल्पना होती. ती पुढे प्रेशर कुकरच्या डब्यांत दिसते. मुंबईत १९५९ मध्ये हॉकिन्स ही कंपनी इंग्लंडमधील एल. जी. हॉकिन्स कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने सुरू झाली. तिचे कुकर ठाण्यातल्या कारखान्यात बनू लागले. दक्षिणेत त्याच सुमारास टीटीके समूहाने प्रेस्टिज हे ब्रिटिश नाव आणले. या दोन नावांमागे झाकणाच्या दोन वेगळ्या रचना उभ्या होत्या (हॉकिन्सचे झाकण आतून बसणारे, प्रेस्टिजचे बाहेरून), आणि कोणता कुकर बरा हा घरोघरचा वाद मुळात झाकणाचा वाद आहे.

झाकण. बाहेरच्या झाकणाच्या कुकरमध्ये झाकण वरून बसते. ते फिरवले की त्याच्या कडेच्या खाचा भांड्याच्या कडेच्या कानांखाली अडकतात. वापरायला हे सोपे: तोंड पूर्ण उघडे, डबे सरळ आत जातात, झाकण लावायला कसब लागत नाही. आतल्या झाकणाच्या कुकरमध्ये तोंड आणि झाकण पूर्ण गोल नसून किंचित लंबगोल असतात. झाकण तिरके करून आत सोडायचे, सरळ करायचे आणि वर ओढून दांडा हँडलला अडकवायचा. नव्या माणसाला हे पहिल्याच दिवशी जमत नाही. सासूने सुनेला शिकवायच्या गोष्टींत पूर्वी याचाही नंबर असे, आणि आता तो जावयाकडेही गेला आहे.

असे असूनही सुरक्षिततेच्या बाजूने आतले झाकण सरस आहे, आणि ते केवळ आकारामुळे. झाकणाचा व्यास २० सेंटिमीटर धरला तर क्षेत्रफळ सुमारे ३१४ चौरस सेंटिमीटर होते. म्हणजे वाफ भरलेली असताना झाकणावर तीनशे किलोंहून अधिक जोर असतो. आतले झाकण या जोराने वरच्या कडेवर आणखी घट्ट बसते. ते उघडायचे तर खाली ढकलावे लागते आणि तीनशे किलोंविरुद्ध कोणी ते ढकलू शकत नाही. वाफ गेली की तेच झाकण सैल होऊन आपोआप खाली येते. बॉयलरच्या तपासणीच्या तोंडांची झाकणे याच तत्त्वावर लंबगोल आणि आतून बसणारी असतात. ‘वाफ जाईपर्यंत उघडू नका’ ही सूचना इथे छापण्याची गरजच उरत नाही. भांडेच ती पाळून घेते.

बाहेरच्या झाकणावर तोच जोर झाकण उडवण्याच्या दिशेने असतो आणि तो कानांवर पेलला जातो. दाबामुळे घर्षण वाढून झाकण फिरायला जड जाते, हे खरे; पण लांब दांड्याची तरफ हातात असल्याने जोर लावणारा माणूस ते फिरवू शकतो. तसे झाले तर काय होते याचा हिशेब भयंकर आहे. १२० अंशांचे पाणी एकदम मोकळ्या हवेत आले की त्याचा सुमारे चार टक्के भाग त्याच क्षणी वाफ होतो. एक लिटर पाण्यातून अशी साठ लिटरांहून अधिक वाफ निघते आणि ती जाताना डाळ छतापर्यंत घेऊन जाते. दाब असेपर्यंत दांडा फिरूच न देणारी खीळ आणि दाब दाखवणारी पिन पुढे काही बाहेरच्या झाकणांना लागली. ही सुधारणा चांगली, पण जे आकाराने फुकट मिळत होते ते इथे आणखी एका सुट्या भागाकडून मिळवावे लागते, आणि तो भाग अडकू शकतो.

आतल्या झाकणाची किंमत वेगळ्या ठिकाणी मोजावी लागते. तोंड अरुंद असल्याने त्याच लिटरच्या कुकरला डबे लहान लागतात. कुकर जरा जास्त भरला की झाकण आत घालताना भातात बुडते. शिजलेले अन्न रबराला लागते आणि खाचेतून ते काढत बसावे लागते. ज्या घरात रोज तीन डब्यांची उतरंड लागते त्या घराने बाहेरचे झाकण निवडले तर त्यात अडाणीपणा नाही.

शिटी. नळीच्या तोंडावर बसलेले वजन म्हणजे शिटी. नळीचे छिद्र ३ मिलिमीटर असेल तर १ किलो दाब रोखायला सुमारे ७० ग्रॅम वजन पुरते. छिद्र ४ मिलिमीटर असेल तर सुमारे १२५ ग्रॅम लागते. दाब त्यापुढे गेला की वजन उचलले जाते, वाफ सुटते, दाब उतरतो, वजन परत बसते. यंत्र म्हणून हे इतके नितळ आहे की त्यात काढून टाकण्यासारखे काहीच नाही.

दोष आहे तो वेगवेगळ्या कुकरांच्या शिट्ट्या वरून सारख्या दिसण्यात, आणि पुष्कळदा दुसऱ्याच्या नळीवर बसण्यात. चार मिलिमीटरच्या नळीसाठीचे १२५ ग्रॅमचे वजन तीन मिलिमीटरच्या नळीवर ठेवले तर दाब १ ऐवजी पावणेदोन किलोंपर्यंत चढेल आणि बाहेरून काहीही वेगळे दिसणार नाही. चुकीची शिटी बसूच नये अशी खोबण ठेवणे कारखान्याला अवघड नाही. ती नसली की घरात दोन कुकर आणि ओट्यावर दोन शिट्ट्या एवढ्यावरच हा घोटाळा होतो.

शिटी ऐकू येते, हा तिचा सर्वांत मोठा गुण. स्वयंपाक करणारी व्यक्ती कपडे वाळत घालत असली, मुलाचा अभ्यास घेत असली तरी कुकर तिला निरोप पाठवतो. ‘किती शिट्ट्या झाल्या गं?’ हा प्रश्न त्यातूनच घरोघर रुजला. ब्रिटनमध्ये पूर्वी तीन वेगवेगळ्या दाबांची वजने मिळत आणि तिथल्या पाककृती मिनिटांत लिहिल्या जात. आपल्याकडे पाककृती शिट्ट्यांत लिहिल्या जातात. उत्पादकांच्या पुस्तिका मात्र सांगतात की पूर्ण दाब आल्यावर आच मंद करा आणि तिथून मिनिटे मोजा. तांत्रिकदृष्ट्या पुस्तिका बरोबर आहे. मोठ्या आचेवर अर्ध्या मिनिटाला एक शिटी होते, मंद आचेवर दहा मिनिटेही होत नाही. आतले तापमान दोन्हीकडे जवळपास सारखेच. जादा शिट्ट्यांत डाळ जास्त शिजत नाही, गॅस जळतो आणि तळचे पाणी आटते. पण लाखो लोक पिढ्यान्‌पिढ्या एक गोष्ट पुस्तिकेविरुद्ध करतात तेव्हा त्यांना अडाणी म्हणून भागत नाही. हात पिठात असताना घड्याळाकडे कोण बघणार? कानावर आपोआप पडणारे एकच माप होते, ते त्यांनी उचलले.

बिघाड. कुकर फुटल्याच्या बातम्यांमागे बहुधा एकाच वेळी दोन-तीन गोष्टी बिघडलेल्या असतात. सुरुवात नळी तुंबण्यापासून होते. डाळीचा फेस वर चढतो आणि डाळीचे साल किंवा भाताचे शीत छिद्रात जाऊन बसते. म्हणून डाळीला अर्ध्याहून आणि इतर पदार्थांना दोन तृतीयांशाहून जास्त कुकर भरू नये असा नियम आहे. भांड्याच्या आत या पातळीची ठळक रेघ नसेल तर हा नियम पुस्तिकेतच राहतो. तुंबलेली नळी उजेडासमोर धरून पाहिल्याशिवाय कळत नाही, ही रचनेतली आंधळी जागा आहे.

नळी तुंबली तर दुसरा पहारा सेफ्टी व्हॉल्व्हचा. त्यात कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू असतो. पाणी आटून भांडे तापले की तो वितळतो आणि वाफेला वाट मिळते. काही बाहेरच्या झाकणांत कडेला एक खिडकी ठेवलेली असते. दाब फार झाला तर रबर तिथून बाहेर फुगते आणि वाफ निघून जाते. हे तीन पहारे एकमेकांवर अवलंबून नाहीत, यात शहाणपण आहे. ते मोडते बाजारात. व्हॉल्व्ह उडाला की कुकर बंद पडतो, संध्याकाळी स्वयंपाक करायचा असतो, आणि कोपऱ्यावरच्या दुकानात अस्सल व्हॉल्व्हशेजारी निम्म्या किमतीचा नकली ठेवलेला असतो. तो योग्य तापमानाला वितळेल याची हमी कोणी देत नाही.

हात लागतो ते भाग. हँडले बॅकेलाइटची असतात. उष्णता न वाहणारे हे प्लास्टिक त्या कामाला योग्यच. पण स्क्रू ढिले होतात, बर्नर मोठा असला तर टोक जळते, आणि वर्षभरात हँडल डुगडुगू लागते. पूर्ण भरलेला पाच लिटरचा कुकर डुगडुगत्या हँडलने उचलण्याची वेळ ज्यांच्यावर आली त्यांना ही गोष्ट किरकोळ वाटणार नाही.

डब्यांची तऱ्हा त्याहून वाईट. कुकरची भिंत आणि डबा यांत बोटभरही जागा नसते, डब्याला कान नसतात, आणि आत वाफाळते पाणी असते. सांडशीने एका बाजूने धरलेला डबा कलतो आणि वरच्या भाताचे पाणी खालच्या वरणात पडते. डब्यांना मधून दांडी असलेले संच मिळतात. ते मूळ कुकरबरोबरच का येत नाहीत, याला खर्च वाचवण्यापलीकडे उत्तर दिसत नाही.

रबराची रिंग काळाने कडक होते, मग कडेने वाफ फुसफुसते. लोक ती थंड पाण्यात किंवा फ्रिजमध्ये ठेवून काही दिवस काढतात. प्रत्येक कंपनीच्या प्रत्येक आकाराची रिंग वेगळी आणि तिच्यावरची अक्षरे पुसट. म्हणून गिऱ्हाईक दुकानात झाकणच घेऊन जाते. मात्र रिंग, व्हॉल्व्ह, शिटी, हँडल हे सगळे घरीच पाना-पेचकसाने बदलता येते. वीस-पंचवीस वर्षे चालणारे कुकर त्यामुळेच दिसतात. आजच्या कितीतरी महाग उपकरणांत ही सोय राहिलेली नाही.

कायदा. घरगुती प्रेशर कुकरसाठी आयएस २३४७ हे भारतीय मानक आहे. २०२० च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने त्याची खूण सक्तीची केली आणि १ फेब्रुवारी २०२१ पासून हा आदेश लागू झाला. त्यानंतरही मानकाबाहेरचे कुकर ऑनलाइन विकले जात होते. २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मोठ्या विक्री-संकेतस्थळांना दंड करून ते परत घ्यायला लावले.

विजेचा कुकर. कॅनडात २०१० मध्ये आलेल्या इन्स्टंट पॉटसारख्या विजेच्या कुकरांत दाब, तापमान आणि वेळ यंत्रच सांभाळते, आणि दाब असेपर्यंत झाकण उघडत नाही. अमेरिकेतल्या अनेक मराठी स्वयंपाकघरांत हा कुकर शिरला आहे. तिथे पहिली अडचण येते ती तो शिटी देत नाही याची. आईने फोनवर सांगितलेल्या चार शिट्ट्यांची मिनिटे करून घ्यावी लागतात. सुरुवातीच्या नमुन्यांत वाफेची कळ हाताने बंद करावी लागे आणि ती उघडी राहिली तर अर्धा तास वाफ नुसती निघून जाई. नंतरच्या नमुन्यांत झाकण लावताच ती आपोआप बंद होते. सिलिकोनची रिंग मात्र मसाल्याचा वास धरून ठेवते, म्हणून आमटीला एक आणि खिरीला दुसरी अशा दोन रिंगा ठेवणारी घरे आहेत.