‘प्रवचन’ : वेदशाळेतून सभामंडपात आलेला शब्द

पुण्याच्या पेठांतील देवळांबाहेरच्या फळ्यांवर चातुर्मासात ‘कीर्तन’, ‘प्रवचन’ आणि ‘व्याख्यान’ हे तिन्ही शब्द आढळतात आणि नेमाने येणाऱ्या श्रोत्याला त्यांतला भेद विचारावा लागत नाही. कीर्तनकार उभा राहतो, गातो, आख्यान लावतो; प्रवचनकार बसून, पुढे ग्रंथ ठेवून अर्थ उलगडतो; व्याख्याता धर्मावर बोलेल, तसा अर्थसंकल्पावरही बोलेल. ही वाटणी मात्र वाटते तितकी जुनी नाही, आणि ‘प्रवचन’ या शब्दाचा मूळ अर्थ तर जाहीर बोलण्याच्या जवळजवळ उलट टोकाचा होता.

‘वच्’ म्हणजे बोलणे, या धातूला ‘प्र’ उपसर्ग लागून झालेला हा शब्द वैदिक वाङ्मयात वेद शिकवण्यासाठी येतो. तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत ऋत, सत्य, तप, दम, शम, अतिथिसेवा अशी कर्तव्ये सांगताना प्रत्येकाच्या जोडीला ‘स्वाध्यायप्रवचने च’ हे पालुपद आहे. स्वाध्याय म्हणजे आपण पठण करणे आणि प्रवचन म्हणजे तेच दुसऱ्याकडून करवून घेणे. अध्ययन संपवून घरी निघालेल्या शिष्यालाही आचार्य बजावतात की या दोहोंत हयगय करू नकोस. ‘नायमात्मा प्रवचनेन लभ्यः’ हे कठोपनिषदातील वचन आजचे प्रवचनकार विनयाने उद्धृत करतात, जणू उपनिषदाने त्यांच्याच व्यवसायाची मर्यादा सांगितली आहे. पण शंकराचार्यांनी कठभाष्यात तेथे ‘अनेक वेद आत्मसात करणे’ असा अर्थ घेतला आहे. जैन परंपरेत हा शब्द जिनवाणीसाठी, म्हणजे प्रत्यक्ष आगमासाठी, जैनांच्या मूळ धर्मग्रंथांसाठी रूढ झाला. कुंदकुंदाचार्यांच्या ‘प्रवचनसार’ या ग्रंथनामात तोच अर्थ आहे.

वेदाचे हे प्रवचन उपनयन झालेल्या शिष्यापुरते होते. ज्यांना ते ऐकण्याची मुभा नव्हती त्यांच्यासाठी दुसरी सोय होती, आणि ती कोणती हे भागवत पुराण पहिल्याच स्कंधात उघडपणे सांगते : स्त्रिया, शूद्र आणि नावापुरते द्विज यांच्या कानी वेद पडत नाहीत, म्हणून व्यासांनी कृपेने महाभारताची रचना केली. चारचौघांत धर्म सांगण्याची खरी परंपरा येथून, म्हणजे इतिहास-पुराणांतून वाहत आली. मराठीत त्यासाठी ‘पुराण सांगणे’ हा प्रयोग रुळला, सांगणारा पुराणिक झाला आणि त्याच्या आसनाला व्यासपीठ म्हणू लागले. आज त्या व्यासपीठावर उमेदवारही भाषण ठोकतो, हा भाग निराळा. श्रोतेही भोळे नव्हते. उपदेश वेगळा आणि घरचा व्यवहार वेगळा ठेवणाऱ्या पुराणिकाला त्यांनी ‘पुराणातली वांगी पुराणात’ या म्हणीत कायमचे बसवून ठेवले.

संतांनी याच कामासाठी ‘कथा’, ‘कीर्तन’ आणि ‘निरूपण’ हे शब्द वापरले. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, नेवासे येथे सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीचा घाट श्रोत्यांपुढे केलेल्या निरूपणाचाच आहे. ‘तरि अवधान एकलें दीजे’ ही नवव्या अध्यायाची सुरुवात समोर माणसे बसलेली असल्याशिवाय संभवत नाही. आजच्या अर्थाने प्रवचन म्हणावे असे मराठीतले हे सर्वश्रेष्ठ उदाहरण, पण ते त्या नावाने ओळखले जात नाही.

शब्दांची फेरवाटणी एकोणिसाव्या शतकात झाली असावी आणि तीत पुण्याचा वाटा मोठा असावा, असे माझे मत आहे. १८७० मध्ये येथे प्रार्थना समाज स्थापन झाला. १८७५ मध्ये न्या. महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, आणि त्याच वर्षीच्या उन्हाळ्यानंतर स्वामी दयानंद सरस्वती पुण्यात येऊन बोलले. त्यांची १५ भाषणे पुढे ग्रंथरूपाने टिकली आणि शेवटच्या भाषणात त्यांनी स्वतःचे चरित्र सांगितले. ही भाषणे आज ‘उपदेश मंजरी’ आणि ‘पूना प्रवचन’ या दोन नावांनी ओळखली जातात. ‘व्याख्यान’ हाही मुळात शास्त्रग्रंथाच्या विवरणाचा शब्द. पण व्याख्यानमालेने त्याला राजकारण, इतिहास, अर्थशास्त्र अशी सगळी दालने उघडून दिली. धर्मग्रंथाच्या विवरणासाठी मग एक वेगळा, भारदस्त शब्द हवा होता आणि ‘प्रवचन’ त्या जागी चपखल बसला.

विसाव्या शतकात तो इतका घरचा झाला की विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी कैद्यांपुढे गीतेवर जे सांगितले, आणि साने गुरुजींनी जे उतरवून घेतले, ते ‘गीता-प्रवचने’ याच नावाने घरोघरी पोहोचले. जोग महाराजांनी १९१७ मध्ये आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली, तेथून कीर्तनकार-प्रवचनकारांच्या पिढ्या बाहेर पडल्या; पुण्यात स. प. महाविद्यालयाचे प्राचार्यपद भूषवणारे सोनोपंत दांडेकर ज्ञानेश्वरीचे प्रवचनकार म्हणूनही तितकेच मान्यता पावले.

वारकरी सप्ताहात या शब्दाला आता ठरलेली वेळ आणि ठरलेला ऐवज आहे. पहाटे काकडा, सकाळी पारायण, सायंकाळी प्रवचन, मग हरिपाठ आणि रात्री कीर्तन. कीर्तनाला बहुधा अभंग निवडतात आणि मागे टाळकरी उभे असतात; प्रवचनाला बहुधा ज्ञानेश्वरीची ओवी घेतात आणि तिच्यातील एकेका पदाचा अर्थ सांगत तास संपवतात.