रेशन फुकट मिळतंय, मग पोरगी फिकी का?

उपासमार म्हणजे काय, हे सातारा-सांगलीत कुणाला सांगायला नको. माण-खटाव, जत-आटपाडीच्या म्हाताऱ्यांना १९७२चा दुष्काळ विचारा, सुकडीपासून खडी फोडण्यापर्यंत सगळं सांगतील. पोटात अन्न नाही, ती उपासमार. आणि आपल्या मनानं धरलेला गुरुवार हा उपास, त्याचा इथं संबंध नाही.

घोळ होतो तो अन्न-असुरक्षिततेपाशी. हे नाव काढलं की पारावर उत्तर तयार असतं, "रेशन फुकट मिळतंय, आमच्याकडं कोण उपाशी निजतंय?" हे ऐकून कान किटले. उपाशी कुणी निजत नाही, कबूल. पण विचारलं ते नव्हतंच.

पुढं पुरेल का याची खात्री नाही आणि त्या धास्तीनं आजच ताटातलं काहीतरी कमी झालंय, ही अन्न-असुरक्षितता. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना ती मोजायला आठ प्रश्न विचारते. पहिला पोटाचा नाहीच, काळजीचा आहे: पैशाअभावी खायला पुरेल की नाही, अशी चिंता वाटली का? दुसरा सकस खाणं मिळालं नाही असं झालं का. तिसरा, तेच ते मोजके पदार्थ खावे लागले का. मग कुठं जेवण चुकवणं, कमी खाणं, घरातलं अन्न संपणं. भूक असून न जेवणं सातवा, आणि अख्खा दिवस काहीच न खाणं आठवा. आपण आठव्याला 'नाही' म्हणतो आणि बाकीचे सात वाचतच नाही.

तासगावात बेदाण्याचा दर पडला किंवा उसाचं बिल लांबलं की घरात काय होतं बघा. भाकरी कमी होत नाही. आधी बाजारातली फळं बंद, मग अंडी. मग चहापुरतं ठेवून म्हशीचं सगळं दूध डेअरीला, कारण दर दहा दिवसांनी पैसे देणारं तेवढंच उरलेलं असतं. आमटी पातळ होते. शेवटी भाकरी, खर्डा आणि चहा. पोट भरतं, तक्रार कुणी करत नाही. आईबरोबर शेवटच्या पंगतीला बसणारी पोरगी तर "मला भूकच नाही" म्हणून मोकळी होते आणि ते आपण खरं धरतो.

रेशनबद्दल गैरसमज नको, मी त्या योजनेच्या बाजूचाच आहे. प्राधान्य कुटुंबाला महिन्याला माणशी ५ किलो, अंत्योदय कार्डाला ३५ किलो, जानेवारी २०२३ पासून मोफत. त्यानं उपासमार अडते. पण ते धान्य आहे. डाळ, दूध, अंडं, पालेभाजी यांची जागा ते घेत नाही.

मोठ्या माणसाचं असं काही महिने निभावतं. १० ते १९ वयाचं तसं नाही. उंची झपाट्यानं वाढते, मुलींची पाळी सुरू होते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या प्रमाणाप्रमाणं १३ ते १५ वर्षांच्या मुलीला रोज ३० मिलिग्रॅम लोह लागतं, त्याच वयाच्या मुलाला २२. आणि नेमकं इथंच शाळेतलं जेवण सुटतं. आठवीच्या पोरीला दुपारी ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं ठरवून दिलेली; नववीत गेली की काही नाही. केंद्राची १४ ते १८ वयाच्या किशोरींची पोषण योजना आहे, पण महाराष्ट्रात ती आकांक्षित, म्हणजे सरकारनं मागास म्हणून निवडलेल्या जिल्ह्यांपुरती. सातारा-सांगली त्यात नाहीत. सधन पट्टा ना आपला!

२०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय, म्हणजे अंगात रक्त कमी, निघाला. एवढ्या सगळ्या काय उपाशी होत्या? जंत, पाळीतला जास्त रक्तस्राव ही कारणंही असतात, पण ताटात लोह कमी पडणं हे मोठं कारण. म्हणून नुसता वजनकाटा बघून "चांगली गुटगुटीत आहे" म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. रक्त वजनावर दिसत नाही. हिमोग्लोबिन १२च्या खाली आहे का, ते तपासा.

तेव्हा पोरीला "जेवलीस का?" विचारू नका, त्याला उत्तर एकच येतं. "कालपासून भाकरीसोबत काय काय होतं?" विचारा. टॉनिकच्या बाटल्या आणि बिस्किटपुडे माझ्या लेखी पैशाची नासाडी. त्यापेक्षा हुलग्याचं माडगं, मोडाची मटकी, वर लिंबू पिळून. लिंबानं लोह अंगी लागतं, चहानं अडतं. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी जेवणानंतर पाण्याबरोबर घ्यायची, आणि चहा तासाभरानं.