चोची स्क्विडच्या, तुकडे प्लास्टिकचे

मेलेल्या समुद्रपक्ष्याचं पोट उघडल्यावर अभ्यासक स्क्विडच्या, म्हणजे माकूळ या मऊ समुद्री प्राण्याच्या, चोची वेचतात. स्क्विडचं मांस लवकर पचतं, पण चोच कायटिन या टणक पदार्थाची असल्याने पेषणीत, म्हणजे अन्न दळणाऱ्या पोटाच्या भागात, बराच काळ टिकते. तिच्या घडणीवरून जात ओळखता येते, लांबीवरून वजनाचा अंदाज बांधता येतो. १९६०च्या दशकापासून या चोचींबरोबर प्लास्टिकही सापडू लागलं.

दोन्ही एकाच जागी साठतात, याचं कारण शरीररचनेत आहे. कुरव पक्षी न पचलेलं ओकून टाकतात. फुलमार, शिअरवॉटर आणि पेट्रेल या समुद्रपक्ष्यांच्या जठर आणि पेषणीमधली वाट मात्र अरुंद असते. पेषणीत गेलेली कडक वस्तू झिजून बारीक होईपर्यंत तिथेच अडकते. त्यात हे पक्षी लांबचे प्रवासी. टास्मानियात घरटी करणारा शॉर्ट-टेल्ड शिअरवॉटर तिथल्या हिवाळ्यात थेट बेरिंग समुद्र गाठतो. त्याच्या पोटातला तुकडा नेमका कुठल्या पाण्यातला, हे मग सांगणार कसं?

पण मुळात खातात कशाला? पक्षी मूर्ख असतात म्हणून, हे उत्तर मला पटत नाही. क्रिल हे कोळंबीसारखे चिमुकले जीव वनस्पती-प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, खाऊ लागले की डायमिथाइल सल्फाइड हा वायू सुटतो आणि त्याच्या वासावर अनेक पेट्रेल अन्न शोधतात. समुद्रात काही आठवडे तरंगलेल्या प्लास्टिकलाही तोच वास येतो, असं २०१६ साली कॅलिफोर्नियातल्या प्रयोगात दिसलं. वासामुळेच पक्षी फसतात, हे मात्र सगळ्या शास्त्रज्ञांना मान्य नाही. लेसन अल्बाट्रॉस या मोठ्या समुद्रपक्ष्याची गोष्ट सरळ आहे. उडणारे मासे तरंगत्या वस्तूंना अंडी चिकटवतात, आणि तो अंड्यांसकट वस्तूच गिळतो. पूर्वी ते लाकूड असे.

पिल्लांना हे सगळं आईबापांच्या चोचीतून मिळतं. ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाव बेटावरच्या शिअरवॉटर पिल्लांच्या जठरात प्लास्टिकच्या घासण्याने व्रण पडलेले आढळले. २०२३ मध्ये या विकाराला ‘प्लॅस्टिकोसिस’ नाव मिळालं.

युरोपातल्या उत्तर समुद्राभोवतालच्या देशांनी तर किनाऱ्यावर मरून पडलेल्या फुलमारलाच मोजपट्टी केलं आहे. पोटात ०.१ ग्रॅमहून जास्त प्लास्टिक असलेले फुलमार १० टक्क्यांपेक्षा अधिक नसावेत, हे त्यांचं उद्दिष्ट. प्रत्यक्षातला आकडा त्याच्या कितीतरी वर आहे. तरी १९८०च्या दशकाच्या तुलनेत कारखान्यांत लागणारे कच्चे प्लास्टिकचे दाणे या पोटांत बरेच कमी झालेत. वापरून फेकलेल्या वस्तूंचे तुकडे मात्र अजून भरपूर निघतात.