बदामी रंग पक्का करण्याआधी एवढं वाचा

बदामी, बिस्किटी, मातकट, फिकट खाकी. हॉलसाठी आमच्याकडे सगळ्यांत जास्त मागणी याच रंगांना असते आणि काम झाल्यावर तक्रारही यांचीच येते: "कार्डावर बदामी होता, भिंतीवर गुलाबी दिसतोय."

बहुतेक वेळा डब्यात चूक नसते. बदामी शेड म्हणजे पांढऱ्या बेसमध्ये पिवळा ऑक्साइड, थोडा तांबडा ऑक्साइड आणि काळ्याचे मोजके थेंब. यातल्या कुणाचाच जोर नसतो, म्हणून शेजारच्या वस्तूंमुळे तो लगेच वेगळा भासतो. गडद निळा कुठल्याही खोलीत निळाच राहतो, बदामीचं तसं नाही. खाली हिरवट कोटा फरशी असेल तर तांबूस बदामी गुलाबीकडे झुकतो. खिडकीसमोर दाट झाड असेल तर पावसाळ्यात तीच भिंत हिरवट वाटते. रात्री 3000 केल्विनच्या पिवळसर दिव्याखाली ती उबदार दिसते, तर 6500 च्या पांढऱ्या ट्यूबखाली मळकट. आढ्याला निळसर पांढरा दिला असेल तर आणखीच मळकट! तिथे ऑफ-व्हाइट घ्या.

खरा घोळ होतो तो शेड निवडताना. कुणी मोबाइलवरचा फोटो दाखवून "हाच द्या" म्हणतं, कुणी दुकानातल्या ट्यूबखाली नखाएवढ्या चौकोनावर बोट ठेवतं. फोटोतला रंग कॅमेरा आणि स्क्रीन आपापल्या परीने बदलतात. आणि एवढ्याशा चौकोनावरून दहा फुटी भिंतीचा अंदाज आम्हालाही येत नाही.

म्हणून आधी नमुन्याची छोटी डबी न्या. जुन्या रंगावर थेट लावू नका, तो खालून डोकावतो. जाड पांढऱ्या कार्डशीटवर दोन हात द्या, पूर्ण वाळू द्या (ओला असताना शेड वेगळीच दिसते) आणि शीट फरशीला टेकवून उभी करा. सकाळी, दुपारी आणि रात्री घरचे दिवे लावून पाहा. मग ती सोफ्यामागे आणि सागवानी कपाटाशेजारीही धरा. दोन दिवस जातील, पण पूर्ण हॉल पुन्हा रंगवण्यापेक्षा ते परवडतात. पुढे रंग आमच्याकडून घेतला तर डबीचे पैसे बिलातून वजा करतो.

मशीनवर शेड बनवलेला डबा आम्ही परत घेत नाही, यावर काहीजण नाराज होतात. बेसमध्ये पडलेला रंग काढता येत नाही. भरलेला डबा थोडा गडद करता येतो, फिकट नाही. तुमच्या हॉलची शेड दुसऱ्या कुणाला जशीच्या तशी हवी असण्याचा योगही क्वचितच. म्हणूनच तर डबीचा एवढा आग्रह.

एका खोलीचा रंग एकदमच बनवून घ्या आणि पेंटरला सगळे डबे मोठ्या बादलीत एकत्र करायला सांगा. नंतर आणलेल्या एका लिटरचा ठिगळ बदामीवर चटकन कळतो. बिलावर शेड नंबर आणि बेस लिहिलेला असतो, ते बिल जपून ठेवा.

या रंगांचा एक गुण मात्र आम्ही आवर्जून सांगतो. यातले ऑक्साइड गेरूच्याच जातीचे, लोहाचे. उन्हाने ते सहजी विटत नाहीत, म्हणून पश्चिमेच्या भिंतीला आम्ही हेच सुचवतो.

दुकानात येताना फरशीचा उरलेला तुकडा आणि पडद्याच्या कापडाची चिंधी घेऊन या. काउंटरवर पिवळा आणि पांढरा असे दोन्ही दिवे लावले आहेत, त्यांच्याखाली शेड लावून पाहू.